चिवचिव, हीटर आणि हुलसूरची वाट

आमच्या देवगडच्या बाजूला गाडीतला हीटर कुणी चालू केल्याचं मी कधी पाहिलं नाही. डॅशबोर्डवर ते एक बटण असतं, अर्धं निळं, अर्धं लाल. लाल बाजू आमच्याकडे कायम नवीकोरी राहते. डिसेंबरातसुद्धा खिडकी खाली करून, कोपर बाहेर काढून गाडी चालवणारी आम्ही माणसं. म्हणून मिरजेजवळच्या हॅचरीत ड्रायव्हर लागलो आणि मालक म्हणाले, "संतोष, हुलसूरला पिल्लं न्यायचीत, हीटरवाली पिकअप घे," तेव्हा हीटर कुठून चालू होतो हे मला दुसऱ्याकडून दाखवून घ्यावं लागलं.

हुलसूर कुठे आहे हे तर त्याहून ठाऊक नव्हतं. कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. आठवीतून शाळा सोडली तेव्हा माझा भूगोल तालुक्यापर्यंतच आला होता. पुढचा मी स्टिअरिंग धरून शिकलो. असा भूगोल शिकताना चुकायची भीती कायम असते. ह्या खेपेला भीतीला कारणही होतं. पुठ्ठ्याच्या चार खोक्यांत चारशे पिल्लं होती, त्याच दिवशी अंड्यातून निघालेली. अशा पिल्लांना दोन दिवस दाणा नसला तरी चालतो, पोटात अंड्याची शिदोरी असते. पण ऊब मात्र क्षणभर सुटून चालत नाही. ही पिल्लं मागवली होती हुलसूरच्या महानंदाअक्कांनी, त्यांच्या बचत गटाच्या बायकांसाठी. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दुसरीकडून आणलेली पिल्लं थंडीनं वाटेतच गेली होती. बायका म्हणत होत्या, पुन्हा नको. अक्का म्हणाल्या, एकदाच, माझ्या शब्दावर. मालकांनी हे सगळं मला निघताना सांगितलं. नसतं सांगितलं तर मी जरा सुखानं गेलो असतो.

मागे खाद्याच्या गोण्या, ताडपत्री, आणि एक रिकामं खोकं. मलूल पिल्लं वेगळी काढायला आम्ही ते नेहमी बरोबर ठेवतो. पिल्लांची खोकी मात्र पुढे, कॅबिनमध्ये, माझ्या शेजारी.

गाणगापूर

सोलापूरपर्यंत उन्हानंच काम केलं. अक्कलकोट सोडलं आणि सूर्य तुरीच्या शेतांत बुडाला तसा मी बटण लालकडे फिरवलं. पंखा घों करून सुरू झाला, वारा आला, पण तो वारा म्हणजे लहान मुलानं गरम भातावर मारलेली फुंकर. आहे म्हणायला कोमट.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. पिल्लांना ऊब असली की ती पांगून बसतात आणि गप्प होतात. गार लागलं की एकमेकांच्या अंगावर चढतात आणि कर्कश ओरडतात. हॅचरीत जुनी माणसं थर्मामीटर बघत नाहीत, नुसतं दाराशी उभं राहून ऐकतात. मला ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तर अक्कलकोटनंतर माझ्या शेजारी जे सुरू झालं ते ऐकायला दाराशी उभं राहायची गरज नव्हती.

गाणगापूरला पोचलो तेव्हा दत्ताच्या देवळात आरती चालली होती. महानंदाअक्का दर्शनाला आलेल्या होत्या आणि सकाळी माझ्याच गाडीतून हुलसूरला येणार होत्या, वाट दाखवायला. पन्नाशीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्यावर काळी घोंगडी. मला बघून पहिलं वाक्य म्हणाल्या, "कामून एवढी वरडायलीत रं?"

"हीटर नीट चालेना, अक्का."

त्यांनी खोक्याच्या भोकातून बोट आत घातलं, क्षणभर ठेवलं आणि काढलं. मग म्हणाल्या, "आधी लॉजवर ने ह्यास्नी."

लॉजवाले आप्पा मिरज-सांगली-कोल्हापूरच्या यात्रेकरूंना सरावलेले. "किती माणसं?" म्हणाले. मी म्हणालो, "एक. आणि चारशे." त्यांनी वहीतून डोकं वर केलं, खोक्यांकडे पाहिलं, आणि कुठून तरी एक मोठा जुना पिवळा बल्ब शोधून आणला. "खोलीत घाण नको, आणि पहाटे काकडआरतीआधी कोंबडं आरवायला नको," एवढीच अट. मी म्हटलं, आरवायला ह्यांना अजून चार-पाच महिने आहेत. बल्ब खोक्यांवर टांगला आणि थोड्या वेळात खोलीत असं गप्प झालं, की खाली रस्त्यावरची चिपळ्यांची किणकिण ऐकू यायला लागली. मला त्या आप्पांचे पाय धरावेसे वाटले. 

आईला फोन केला. "थंय थंडी आसा काय रे?" आईनं विचारलं. मी म्हणालो, आहे, पण मला नाही, पिल्लांना आहे. ती म्हणाली, दत्ताच्या पायावर डोकं ठेव आणि पिल्लांचं सांग. मी सांगून आलो.

कलबुर्गीकडे

सकाळी सूर्य उगवलाच नाही. आभाळ राखेच्या रंगाचं, आणि त्याखालून बोचरा वारा. अक्का म्हणाल्या, असं वर्षात दोन-तीनदा होतं, नेमकं आजच व्हायचं होतं. दोन खोकी मधल्या जागेवर, एक त्यांच्या पायाशी, एक मांडीवर. वरून घोंगडी, तीही पूर्ण नाही, भोकं मोकळी ठेवून; आतल्यांना श्वास लागतो. खिडकी दोन बोटं उघडी.

अक्कांच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे. आता शेती आणि रोजगार आहे, मेंढरं सुटली. घोंगडी सुटली नाही. "माझ्या आजानं विणलेली हाय," त्या म्हणाल्या. "चार पावसाळे खाल्ल्याबिगर हिला ऊब येत न्हाई."

मग त्यांनी गाठोडं सोडलं. गाणगापुरात नवस असला की पाच घरी झोळी फिरवून माधुकरी मागतात, आणि ती घरची कितीही मोठी बाई असो, मागतेच. आमच्याकडे देवाला जाताना माणूस देवळात काय द्यायचं ह्याचा विचार करतो. इथे मागून खाणं हाच नवस. मला हे फार आवडलं. त्या पाच घरांतला एक तुकडा अक्कांनी मला दिला, वर त्यांची घरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी म्हणजे ज्वारीचा पापडच, महिनाभर टिकणारा. मी पहिला घास दाढेखाली धरला आणि जो आवाज झाला त्यानं अक्का दचकल्या.

"दात हाईत का गेले?"

"आहेत. आमच्याकडे पेज असते हो, अक्का. चावावं लागत नाही."

"म्हणूनशान तुमी असे मऊ," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

पण पिल्लं हसत नव्हती. मोकळ्या रस्त्यावर जसा वेग धरला तसा त्यांचा आवाज वर चढत गेला. कलबुर्गीच्या वेशीवर मी गाडी पहिल्या दिसलेल्या गॅरेजात घातली.

तिथले उस्ताद टोपी, मफलर, स्वेटर आणि त्यावर आणखी एक स्वेटर घालून बसले होते. मी पाटी वाचू शकलो नाही, कानडी होती, पण त्यांनी माझ्या गाडीचा नंबर वाचला. "महाराष्ट्र! आओ मियाँ. क्या हुआ?" मी सांगितलं. ते आधी पिल्लांपाशी गेले, मग बॉनेटपाशी. इंजिनातून कॅबिनकडे जाणाऱ्या दोन नळ्या त्यांनी दोन हातांत धरल्या, जणू वैद्य दोन्ही मनगटं बघतोय.

"दोनों सरीके गरम. अंदर की जाली साफ है. पानी कम है, हवा पकडी होगी."

म्हणजे नळीत हवा अडकली असावी. पाणी भरलं, वरचं बुच सैल करून इंजिन रेस करत ठेवलं, बुडबुडे आले, जिरले. हळूहळू कॅबिनमध्ये ऊब यायला लागली. आणि ऊब म्हणजे काय ऊब! अक्कांनी घोंगडी काढली, मी शर्टाचं वरचं बटण सोडलं. पिल्लं पांगली, गप्प झाली. उस्तादांनी चहा पाजला. मी त्यांना इतक्यांदा धन्यवाद दिले की शेवटी ते म्हणाले, "बस करो, शादी नै कराया मैं तुमारी." जाताना त्यांचा नंबर घेतला, कारण मी घाबरट आहे. ह्या गुणानं मला आजवर दोन-तीनदा वाचवलंय, त्यातली एक वेळ हीच.

कोहिनूरची वाट

गाव मागे पडलं, टॉप गिअर टाकला, आणि दहा मिनिटांत खोक्यांतून पुन्हा ओरड.

मी अक्कांकडे पाहिलं नाही. त्याही समोर बघत होत्या. हाताखालचं खोकं मात्र त्यांनी जरा जवळ ओढलं होतं.

"अक्का, परत फिरू का?"

"पुढं बी थंडीच हाय, मागं बी थंडीच हाय," त्या म्हणाल्या. "चाल म्होरं."

कमलापूर सोडून आतल्या रस्त्याला लागलो, तशी काळी जमीन संपली आणि समोर लाल माती आली. नुसती लाल माती नाही, जांभा! चिऱ्याच्या भिंती, चिऱ्याचे बांध, कापलेल्या खाणी. आमच्या देवगडात ज्या दगडाची घरं त्याच दगडाची इथेही. एवढ्या लांब, इतक्या काळजीत, मला एकदम घरातलं कुणी भेटल्यासारखं झालं. "हा आमचा दगड आहे!" मी ओरडलो. अक्का म्हणाल्या, "तुजा असंल तर घिऊन जा, आमच्या नांगराला लय लागतो."

आणि तिथेच उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या, रस्त्यापेक्षा रुंद, मागे टेप लावलेला. ओव्हरटेक करायची सोयच नाही. हाताच्या अंतरावरून, दुसऱ्या गिअरमध्ये, आम्ही त्याच्या मागे सरपटत राहिलो. मी आतून जळत होतो. एकेक मिनिट पिल्लांच्या जिवावर चाललंय आणि हा राजा गाणी ऐकत चाललाय.

मग माझ्या लक्षात आलं की मला ती गाणी ऐकू येतायत.

म्हणजे पिल्लं ओरडत नव्हती.

वळणावर ट्रॅक्टरनं वाट दिली, मी पुढे काढून वेग धरला. थोड्या वेळानं, ओरड. पुढे दुसरा ट्रॅक्टर, पुन्हा सरपट. गप्प. मी मनात मोजायला लागलो. गॅरेजात गाडी उभी होती तेव्हा गरम. मागे सरपटताना गरम. मोकळ्या रस्त्यावर पळवली की गार. म्हणजे नळीत हवा नव्हतीच. पळताना जो वारा पुढून जाळीवर बसतो, तोच इंजिनाला गार करत होता. मी पहिल्यांदा उष्णतेच्या काट्याकडे नीट पाहिलं. काटा तळाशी झोपलेला. तो तसा असतो हे मी महिनाभर बघत होतो आणि मला वाटायचं, वा, गाडी किती थंड चालते.

कोहिनूर नावाच्या गावच्या चौकात थांबून उस्तादांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मैं उल्लू हूँ. काटा मैं भी नै देखा. वॉल खुला रह गया, नै तो वॉलइच नै है. घर पे पूछो."

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट; इंजिन तापेपर्यंत पाण्याची मोठी वाट बंद ठेवणारं छोटं झाकण. मिरजेला आमच्या दत्तू मेस्त्रींना फोन लावला.

"वॉल?" मेस्त्री खुशीत म्हणाले. "अरे, तो मी एप्रिलातच काढून टाकलाय! घाटात गाडी तापायची ना. तेव्हापासून तापली का एकदा तरी?"

"नाही, मेस्त्री."

"मग! नीट पुसून कपाटात ठेवलाय हां, टाकला नाही."

आता ह्याला काय म्हणायचं? आमच्या सगळ्या मुलखात मेस्त्री उन्हाळ्यात वॉल काढतात आणि आपण त्यांना दुवा देतो. घाटात एप्रिलमध्ये मीही दिलाच असता. वॉल मिरजेच्या कपाटात आणि आम्ही कोहिनूरच्या चौकात. अक्कांना मी समजावून सांगितलं, की पुढून वारा लागतो म्हणून इंजिनच तापत नाही, तर हीटर कुठून तापेल.

"मग एवढंच हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मेंढरं बसवताना आमी वाऱ्याच्या अंगाला घोंगडं बांधतो. तुज्या इंजनाला बी बांध की." आणि खरोखर आजाची घोंगडी काढून पुढे केली.

मला गलबलून आलं, पण घोंगडी पंख्यात गेली असती तर आजाची आठवणही गेली असती आणि इंजिनही. तेवढ्यात मागचं रिकामं खोकं आठवलं. त्याचा पुठ्ठा फाडला, जाळीमागे रेडिएटरसमोर उभा सरकवला, सुतळीनं बांधला. उस्तादांना पुन्हा फोन लावला होता, ते सांगत होते: "आधा ढांको मियाँ, पूरा नक्को! काटा देखते रहो, बीच के ऊपर गया तो निकालो!" चौकातल्या चहावाल्यानं सुतळी दिली, एका गुराख्यानं गाठ मारून दिली, माझी सुटत होती. भोकाभोकांचा पुठ्ठा गाडीच्या तोंडात, जशी बैलाला मुसकी. अक्का म्हणाल्या, "आता कुनाचं पीक खायाची न्हाई ही."

हुलसूर

काटा उठला. आधी थोडा, मग हळूहळू मध्यावर येऊन थांबला. मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होतो. बसवकल्याण मागे पडलं, मोकळा रस्ता, पूर्ण वेग, बाहेर तोच राखेचा वारा. आणि कॅबिन गरम. पायांना गरम, हातांना गरम. आणि खोकी गप्प.

मी शीळ घालायला लागलो. अक्का झाकणावर हात ठेवून बसल्या होत्या.

"अक्का, झालं की! ऐका, एक आवाज नाही."

"तेच ऐकायलेय," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "मागल्या खेपेला बी अशीच गप्प होती. मी म्हनलं निजली लेकरं. बायांच्या म्होरं झाकण उघडलं, तर..."

माझी शीळ तोंडातच राहिली. मी म्हणालो, उबेनं गप्प होतात, हॅचरीत असंच असतं, बल्बखाली नव्हती का झाली. त्या मान हलवत होत्या, पण हात झाकणावरून उचलत नव्हत्या. "उघडून बघू?" मी विचारलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "वारं शिरंल." कारण वाऱ्याचं नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. आणि खरं सांगतो, मघापर्यंत ज्या ओरडण्यानं जीव नको झाला होता, त्यातलं एक चिव तरी ऐकू यावं म्हणून मी आता कान ताणून बसलो होतो. एका खड्ड्यातून तर मी मुद्दाम गाडी घातली. काही नाही.

हुलसूरला अक्कांच्या अंगणात सगळ्या तयारीनिशी बायका थांबल्या होत्या. खोलीत पत्र्याचा गोल, खाली साळीचा तूस, वर दोन बल्ब, पाण्यात गूळ. एक म्हातारी उंबऱ्यावरूनच म्हणाली, "महानंदे, आवाज न्हाई गं येत." अक्का तशाच आत गेल्या.

खोकी मीच आत नेली. अक्का समोर बसल्या, झाकणाला हात लावला आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघून, धाकट्या भावाला म्हणावं तसं, म्हणाल्या, "तू उघड, तम्मा."

मी उघडलं. पिल्लं आडवीतिडवी पडलेली. मान एकीकडे, पाय मागे ताणलेले, पंख पसरलेले. मागून कुणीतरी "अगंगं" म्हणालं. अक्कांनी डोळे मिटले.

एका पिल्लानं मान उचलली. आमच्याकडे पाहिलं. चोच एवढी मोठी उघडून जांभई दिली, आणि पुन्हा शेजाऱ्याच्या पाठीवर डोकं टाकलं.

मी हसलो की रडलो ते माझं मला सांगता येणार नाही. पण माझा जो काही आवाज निघाला त्यानं शंभरच्या शंभर जागी झाली आणि एकदम ओरडायला लागली. मग दुसरं खोकं, तिसरं, चौथं. बायका, पिल्लं, सगळेच एका वेळी बोलत होते. तिसऱ्या खोक्यात दोन गेलेली निघाली. अक्कांनी ती पदराखाली घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "एवढं तर कोंबडीच्या पोटाखाली बी जातंय." उंबऱ्यावरची म्हातारी आत आली, बल्बखाली हात धरून बघितला आणि मला म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई." झणझणीत पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी, ज्वारीची रोटी, आणि ही मऊ होती, अक्कांनी मुद्दाम गरम करायला सांगितली होती, "ह्याचे दात कोकणातले हाईत" म्हणून. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवलो. पुंडीमुळं.

निघताना अक्का पुठ्ठ्याकडे बघून म्हणाल्या, "काढू नगंस ती मुसकी. वाट लांब हाय."

नाही काढली. पुढे मिरजेला दत्तू मेस्त्रींनी कपाटातून वॉल काढून बसवला, तोवर ती तशीच होती. पण त्या संध्याकाळी हुलसूरहून एकटा निघालो तेव्हा हद्द ओलांडल्यावर मराठी पाट्या दिसायला लागल्या, काटा बरोबर मध्यावर, हीटर लालवर. शेजारची सीट रिकामी. बऱ्याच वेळानं मी हात पुढे करून वाऱ्याच्या जाळीवर धरला, ऊब येतेय का बघायला. येत होती. चांगली येत होती. पण ऐकून कळायची सवय लागली होती, आणि गाडीत ओरडायला आता कुणी नव्हतं.